सायलेन्सरवर रोलर फिरवा, मेस्त्रीवर नको

पोलिसांनी बुलेटसारख्या गाड्यांचे जप्त केलेले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर रस्त्यात ओळीनं मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचा व्हिडिओ आला की कोल्हापुरात दोन-तीन दिवस तोच विषय चालतो आणि दरवेळी वाद त्याच दोन वाक्यांवर येऊन अडकतो. एक पार्टी म्हणते सगळ्याचं मूळ गॅरेजवाले, हेच पोरांना फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर बसवून देतात, यांची गॅरेजं सील करा, चार मेस्त्री आत टाका, आवाज आपोआप बंद होईल. दुसरी पार्टी म्हणते गाडी आमची, पेट्रोल आमच्या पैशाचं, बुलेटचा आवाज म्हणजे कोल्हापूरची शान, मिरवणुकीतला डीजे चालतो मग आमचंच का खुपतंय. मला दोन्हीकडचं पटत नाही. या भांडणात ज्याच्या नावानं एवढी ओरड चाललीय तो माणूस, म्हणजे इंजिन उघडून त्यातनं ताकद काढणारा, रेसची गाडी ट्यून करणारा मेस्त्री, नक्की करतो काय हे दोन्ही पार्ट्यांना माहीत नाही. माझं म्हणणं असं की रस्त्यावरच्या आवाजाला आणि रस्त्यावरच्या रेसला शिक्षा पाहिजे तेवढी कडक करा, पण ट्यूनिंगला गुन्हा समजणं थांबवा. त्या मेस्त्रीला गाडी पळवून बघायला कायदेशीर जागा द्या, त्यानं बनवलेल्या प्रत्येक इंजिनाची नोंद ठेवा आणि मग त्या नोंदीवर त्याला जबाबदारही धरा.

आधी हे काम काय असतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत जातं. उद्यमनगरात किंवा राजारामपुरीच्या एखाद्या बोळात असं गॅरेज बघितलं तर दिवसभर तिथं रेस-बिस काही दिसत नाही. दूधवाल्याच्या गाडीची चेन आणि स्प्रॉकेट, कुणाच्या क्लच प्लेटा, कुणाचा कार्बोरेटर साफ करून द्यायचा, कुणाचं टॅपेट वाजतंय. पोट भरतं ते त्यावर. रेसचं इंजिन उघडतं रात्री, शटर अर्धं खाली ओढून. समजा एखादी जुनी यामाहा आरएक्स हंड्रेड आहे. ही गाडी भारतात १९८५ ला आली, ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद ११ हॉर्सपॉवर, १९९६ ला बनायची बंद झाली आणि तरी डर्ट ट्रॅकच्या पोरांच्या डोक्यातनं अजून उतरलेली नाही. मेस्त्री पिस्टन वरखाली करणाऱ्या क्रँकवर डिग्रीची चकती लावतो, एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक, नक्की किती अंशाला उघडतो आणि किती अंशाला मिटतो ते लिहून काढतो. पोर्टची वरची कड अर्धा मिलिमीटर वर नेली तर ताकद वरच्या आरपीएमला सरकते पण खालचा पिकअप जातो, मग ट्रॅक कसला, वळणं किती, माती ओली का सुकी यावर ठरवायचं की घासायचं किती. जास्त घासलं गेलं तर ते परत भरून येत नाही, सिलिंडर भंगारात. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, ब्युरेटनं तेल सोडून किती सीसीची जागा आहे ते मोजायचं, पिस्टन वर आल्यावर हेडपासून किती अंतर राहतं ते बघायला सोल्डरची तार आत घालून किक फिरवायची आणि दबलेली तार मायक्रोमीटरवर धरायची. हे सगळं करणारा माणूस दहावी नापास असू शकतो, पण तो जे करतोय त्याला इंजिनीअरिंग सोडून दुसरं काय म्हणायचं?

आणि आता आवाजाचं. लोकांना वाटतं मोठा आवाज म्हणजे जास्त स्पीड. पोरांना तर शंभर टक्के वाटतं. टू-स्ट्रोकमध्ये हे सरळसरळ उलटं आहे. त्या फुगीर पायपात, ज्याला चेंबर म्हणतात, धूर बाहेर जाताना दाबाची एक लाट पुढं जाते, मागच्या निमुळत्या तोंडावर आपटून परत फिरते, आणि बाहेर निसटायला लागलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलते. तो चेंबर काढून सरळ पाइप लावला की आवाज कानठळ्या बसवणारा आणि ताकद कमी. फोर-स्ट्रोकमध्ये सुद्धा नुसती आतली जाळी काढून टाकली आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलला नाही तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं, आणि आरडाओरडा करणारी ती गाडी कंपनी फिटिंगच्या गाडीपेक्षा मागं राहू शकते. चांगला ट्यूनर हे गिऱ्हाईकाला तोंडावर सांगतो. म्हणजे ज्याला आपण आवाजाचा बाप समजून आत टाकायला निघालोय, आवाज म्हणजे ताकद नव्हे हे पोराला समजावून सांगू शकणारा गावातला एकमेव माणूस तोच आहे.

तरीपण आवाजाविरुद्ध बोलणाऱ्यांची बाजू हलकी नाही आणि मी ती हलकी करणार नाही. आपल्याकडं दुचाकीच्या आवाजाची मर्यादा कंपनीतनं गाडी पास होताना ठरलेली आहे, ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८०. डेसिबलचा हिशोब असा की १० नं आकडा वाढला म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली, म्हणून उघड्या पायपाची गाडी "थोडी जास्त वाजते" हे म्हणणंच चुकीचं आहे. सीपीआर हॉस्पिटलच्या आवारात पेशंट पडलेला असतो, पेठेतल्या घरात तान्हं बाळ नुकतं झोपलेलं असतं, म्हातारी माणसं रात्री दीड वाजता दचकून उठून बसतात आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. त्यांना कोण विचारतं का बाबांनो चालेल का म्हणून? आणि "मग डीजेचं काय" हा प्रश्न विचारणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की डीजेवर कारवाई होत नसेल तर ती व्हावी म्हणून ओरडा, मी पण तुमच्याबरोबर येतो, कारवाईत डावंउजवं होतं ही तक्रार खरी आहे. पण एकानं कान फोडले म्हणून दुसऱ्याला कान फोडायचा हक्क मिळत नाही.

दुसरा मुद्दा याहून जड आहे. हायवेवर, घाटात, पन्हाळ्याच्या रस्त्याला मरणारी पोरं. ईर्षा लागते, दोघं सुटतात, समोरनं ऊसाचा ट्रॅक्टर येतो ज्याच्या मागच्या ट्रॉलीला लाइट नसते. त्यात मरणारं प्रत्येक पोरगं रेस करायला निघालेलं नसतं, कधी कधी शिफ्ट संपवून शिरोलीतनं घरी निघालेला कुणाचा तरी बाप असतो. ते इंजिन कुणी तयार केलं हा प्रश्न आईबापांनी विचारला तर तो चुकीचा कसा म्हणायचा? काही मेस्त्री पैशासाठी सतरा वर्षाच्या पोराला पोर्टिंग, म्हणजे तीच पोर्टची घासाघीस, करून देतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. बापाला एवढं असेल तर गाडी तयार करून देणाऱ्यानं "मला काय माहीत तो कुठं पळवणार" म्हणून हात झटकायचे, हे मला मान्य नाही. ट्यूनरच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे पहिलं कबूल करायला पाहिजे, नाहीतर बाकीचं कोण ऐकणार.

मग गॅरेजं बंद करा हे का नको? कारण त्यानं यातलं काहीच थांबत नाही. सायलेन्सर बदलायला मेस्त्री लागतोच कुठं. दोन-तीन नट, एक क्लॅम्प आणि घरातला पाना, ऑनलाइन मागवलेला पाइप पोरगं अंगणात बसून बसवतं, त्याचे व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. आवाजाची साखळी बघितली तर एका टोकाला हे पाइप बनवणारे आणि विकणारे, दुसऱ्या टोकाला चालवणारा, मेस्त्री बऱ्याचदा त्यात नसतोच. आता पोर्टिंग, हेड कटिंग, कॅम बदलणं, याला मेस्त्री लागतो, पण ती कामं बाहेरनं दिसतही नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. म्हणजे गॅरेजवर धाड टाकून सापडतो तो भिंतीला टांगलेला पाइप, आणि खरी जोखीम ज्या इंजिनात आहे ते कारवाई करणाऱ्याच्या समोर उघडं पडलेलं असलं तरी त्याला ओळखू येत नाही. धंदा चोरून करायची पाळी आली की आणखी एक होतं, शहाणा मेस्त्री हात काढून घेतो, त्याला बायकापोरं आहेत, इज्जत आहे, आणि ती जागा भरतो अर्धवट शिकलेला, जो ब्रेक न बघता, चॅसिस न बघता, टायरचा पत्ता नसताना इंजिनातनं ताकद काढून देतो. इंजिन तेज आणि पुढचा ड्रम ब्रेक गुळगुळीत झालेला, अशी गाडी पोराच्या हातात पडते. हे आपल्याला पाहिजे आहे का?

कायद्याचं बोलायचं तर कायदा स्वच्छ आहे आणि मला त्याच्याशी भांडायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ते आणखी पक्कं केलं, आणि कलम १८९ रस्त्यावर रेस लावणाऱ्याला सजा देतं. पण हे सगळं सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदणी असलेल्या गाडीला आहे. खऱ्या रेसच्या गाडीला हेडलाइट नसतो, नंबरप्लेट नसते, ती पिकअपमध्ये चढवून नेतात आणि ट्रॅकवरच उतरवतात. कायद्याला तिचं काही वावडं नाही. घोडं अडतं ते दुसरीकडंच. ट्यून केलेलं इंजिन गाडी स्टँडवर लावून नुसतं पिळून काही कळत नाही. त्याला लोड पाहिजे. गाडी फुल थ्रॉटलला काही सेकंद ताणायची, तिथल्या तिथं क्लच दाबून इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघायचा, पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे आणि पिस्टन वितळायची भीती, काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, कॉफीसारखा असेल तर जमलं. मग जेट बदलायचा आणि परत तेच, असं कितीतरी वेळा. हे करायला डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) पाहिजे, जो बोळातल्या मेस्त्रीच्या आवाक्यातला नाही, किंवा सरळ मोकळी पट्टी पाहिजे. रोड रेसिंगचे देशातले जुने जाणते ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचा कारी, कोल्हापुरातनं दोन्हीकडं जायचं तर हजार किलोमीटरच्या घरात. एक जेट बदलून बघायला कोण हजार किलोमीटर जाणार? म्हणून तो रात्री दोन वाजता एमआयडीसीच्या रस्त्यावर जातो. चूक आहे, धोक्याचं आहे, पण त्याच्यापुढं दुसरा रस्ता आपण ठेवलेलाच नाही.

हा पेच जगात पहिल्यांदा कोल्हापूरला पडलेला नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्त्यावर रेसला बंदी. मोटारी बनवणाऱ्यांनी करायचं काय? १९०७ साली दोन गोष्टी झाल्या. आयल ऑफ मॅन या बेटावर, जिथला कायदा वेगळा, तिथं रस्ते बंद करून मोटारसायकलची टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) रेस सुरू झाली आणि सरे परगण्यात ब्रुकलँड्सचा बांधीव ट्रॅक उघडला. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रुकलँड्सच्या आजूबाजूला राहणाऱ्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी १९२० च्या दशकात ट्रॅकवर ठराविक पद्धतीचा सायलेन्सर सक्तीचा झाला. रेसर लोक म्हणाले असतील आता संपलं सगळं. संपलं का? १९३५ साली जॉन कॉब नावाच्या रेसरनं तिथला सगळ्यात वेगवान लॅप मारला, ताशी १४३ मैलांच्या वर, म्हणजे २३० किलोमीटर, आणि त्या गाडीला ते सायलेन्सर लावलेले होते. आवाज आवरून वेग काढता येतो याचा आणखी काय पुरावा पाहिजे? अमेरिकेतही तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर पोरांनी मोडक्या गाड्यांची इंजिनं वाढवून धुमाकूळ घातला होता, पेपरात रोज त्यांच्या नावानं शिमगा. वॉली पार्क्स नावाच्या माणसानं १९५१ मध्ये संघटना काढली, नियम लिहिले, गाडी तपासल्याशिवाय पट्टीवर सोडायची नाही असं ठरवलं आणि १९५३ ला पोमोनाच्या जत्रेच्या मैदानातल्या पार्किंगमध्ये पहिली अधिकृत स्पर्धा भरवली. म्हणजे सुरुवात झाली ती पार्किंगमध्ये, कुणी कोट्यवधींचा ट्रॅक आधी बांधून दिला नव्हता.

आणि इंग्लंड-अमेरिकेला तरी कशाला जायचं. अंगातली रग आणि ईर्षा यांचं काय करायचं याचं उत्तर या गावानं एकदा दिलेलं आहे. शाहू महाराज १९०२ ला परदेशात गेले, रोमचं जुनं क्रीडागार बघून आले, आणि १९१२ ला खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. गावात तालमी आधीपण होत्या, पोरांत रग आधीपण होती, महाराजांनी तिला मैदान दिलं, मान दिला, आणि शिस्तीसाठी वस्ताद होताच. तालमीतलं पोरगं बापाचं ऐकत नसेल पण वस्तादाच्या शब्दापुढं जात नाही, बाहेर भांडण केलं तर तालमीत पाऊल ठेवायची बंदी, आणि त्या बंदीची भीती पोलिसापेक्षा जास्त. गाडीच्या नादाला लागलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या आयुष्यात असा शब्द कुणाचा चालतो? बापाचा नाही, कॉलेजच्या सरांचा नाही, ट्रॅफिक हवालदाराचा तर नाहीच. चालतो त्या मेस्त्रीचा, ज्याच्याकडं तो रोज संध्याकाळी नुसता बघत उभा राहतो. त्या मेस्त्रीनं "रस्त्यावर पळवलीस तर परत गाडी आणू नकोस" म्हणलं तर ते लागतं. कुणी म्हणेल कुस्तीत बघणारा मरत नाही, गाडीत मरतो, तुलना बरोबर नाही. मान्य. पण त्यामुळं मैदानाची गरज कमी होते का वाढते?

यावर एक खवचट प्रश्न येतो की या रेस-बिसचा समाजाला उपयोग काय. चार पोरांची हौस, त्यासाठी जमीन कशाला. हा प्रश्न मला वर्मी लागतो कारण तो कोल्हापुरात विचारला जातो. याच गावात बाबुराव आणि आनंदराव पेंटरांनी परदेशी यंत्र बघून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला, आनंदराव १९१६ ला गेले, बाबुरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ पर्यंत तो पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट त्यावर निघाले. शेजारी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला सायकलचं दुकान टाकलं होतं, तिथनं लोखंडी नांगर आला, १९१० ला किर्लोस्करवाडी आली. उद्यमनगर उभं राहिलं ते उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता तीच बनवायला शिकलेल्या लोकांच्या जोरावर. मशीन उघडून बघायची सवय हीच या भागातल्या फाउंड्रीची, मशीन शॉपची मुळं आहेत. रेस काय करते तर ती सवय टोकाला नेते. इंजिन मोडायच्या कडेला नेल्याशिवाय ते का मोडतं हे कळत नाही. पूर्व जर्मनीत त्शोपाउच्या एमझेड या मोटारसायकलच्या कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनीअरनं तुटपुंज्या पैशात, जुन्या सामानावर, तोच चेंबर आणि तीच लाट समजून घेत १९६१ मध्ये १२५ सीसीतनं २५ हॉर्सपॉवर काढले, म्हणजे लिटरला २००, जे तोवर टू-स्ट्रोकमध्ये कुणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडं पळून गेला आणि ते ज्ञान सुझुकीला मिळालं, पुढच्याच वर्षी सुझुकीनं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं. असल्या ज्ञानाची किंमत कळणारे लोक त्यासाठी पुढच्या कारखान्याचा माणूस फोडतात, आणि आपण ते ज्याच्या हातात आहे त्याला चौकीत बसवतो.

यात मेस्त्री मंडळींनाही एक सांगणं आहे. नुसत्या हाताच्या जोरावर आता भागणार नाही. सोइचिरो होंडा पंधराव्या वर्षी टोकियोच्या गॅरेजात झाडू मारायला लागलेला माणूस, पुढं स्वतः पिस्टन रिंगा ओतायला बसला तर रिंगा टिकेनात, तेव्हा तिशीत हमामात्सूच्या तंत्रशाळेत पोरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला आणि धातू शिकला. डिप्लोमाच्या कागदासाठी थांबला नाही, पण शिकला. १९५९ ला त्याच्या गाड्या टीटीला उतरल्या, १९६१ ला १२५ आणि २५० दोन्ही रेस जिंकल्या. आपल्याकडं आयटीआयमध्ये ट्रेड आहेत, आधीचं काम येत असलेल्याला परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सरकारी सोयही आहे, पण ट्यूनिंगसाठी वेगळं काही नाही आणि मेस्त्रीही तिकडं फिरकत नाही, कारण दिवसाचा धंदा बुडतो. संध्याकाळचे वर्ग काढा, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात आणि आसपास इंजिनीअरिंग कॉलेजं कमी आहेत का? तिथल्या पोरांना हाताखाली काम मिळेल, मेस्त्रीला गणित मिळेल. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स हा धुराचा नियम आल्यावर कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर आला, कंपन्यांचे स्कॅनर बाहेरच्याला सहज मिळत नाहीत. केंद्रानं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल २०२२ ला सुरू केलं, त्यात वाहनं आहेत, पण बोळातल्या गॅरेजपर्यंत ते पोचलेलं नाही. इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हा धंदाच राहणार नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की सस्पेन्शन, ब्रेक, चॅसिस, गिअरिंग, टायर, वजन कुठं ठेवायचं, हे सगळं बॅटरीवरच्या गाडीलाही लागतं, आणि मोटर कंट्रोलर ट्यून करायला पण कुणीतरी लागणारच, तो माणूस आजच्या गॅरेजातनं येईल की नाही हे आज आपण त्याला कसं वागवतो यावर आहे.

अजून एक, हाताखालच्या पोरांचं. गॅरेज म्हणलं की बारा वर्षाचं पोरगं काळ्या हातानं चहा आणतंय हे चित्र, आणि त्याच्यावर कुणी बोट ठेवलं तर मेस्त्री म्हणतात आम्हीपण असेच शिकलो. ते आता चालणार नाही, चौदाच्या आतलं पोरगं कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि पेट्रोलमध्ये हात बुडवून ठेवणं कुठल्याच वयात बरं नाही. नोंद झालेल्या गॅरेजात हेही तपासता येईल, आज तपासायचं कुणी.

मग नेमकं करायचं काय. एक सरळ पट्टी पाहिजे, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर पळायला आणि त्याहून जास्त थांबायला, बाजूला मातीचा एक छोटा ट्रॅक, गावापासून लांब, शक्यतो कारखान्यांच्या मध्ये जिथं तसाही आवाज असतो. या गावाला यातलं काही नवीन नाही, मोहिते रेसिंग अकॅडमी कोल्हापूरचीच आहे, रेस म्हणजे काय हे समजणारी माणसं इथं आहेत. ट्रॅक आठवड्यातनं ठराविक दिवशी उघडा ठेवा, ॲम्ब्युलन्स असल्याशिवाय एकही गाडी सुटणार नाही, हेल्मेट आणि ब्रेक तपासून सोडायची, सायलेन्सर तिथंही सक्तीचा, ब्रुकलँड्ससारखा. आवाज मोजायची पद्धत अवघड नाही, पायपाच्या तोंडापासून अर्धा मीटर, पंचेचाळीस अंशात मीटर धरायचा, ठराविक आरपीएमला. हाच मीटर बिंदू चौकात आणि मिरजकर तिकटीला हवालदाराच्या हातात द्या, म्हणजे "आवाज मोठा वाटला" यावर भांडण होणार नाही, आकडा दिसेल, आणि चांगला सायलेन्सर लावलेल्या पोराला उगाच त्रास होणार नाही. आणि मेस्त्रीची नोंद: कुठलं इंजिन, नंबर काय, काय बदललं, कुणाला दिलं, त्याच्याकडं रेसचं लायसन्स आहे का. इंजिनावर त्याच्या गॅरेजचा शिक्का. शिक्क्याचं इंजिन रस्त्यावर नंबरप्लेटच्या गाडीत सापडलं तर मालकाबरोबर मेस्त्रीलाही नोटीस, दुसऱ्यांदा सापडलं तर नोंद रद्द आणि ट्रॅक बंद.

जमिनीचे पैसे कुठनं आणायचे हा प्रश्न येणारच. सुरुवातीला डांबरीकरण झालेला पण अजून प्लॉट न भरलेला एमआयडीसीचा एखादा रस्ता महिन्यातनं दोन रविवार रीतसर बंद करून मिळाला तरी भागेल, पेट्रोल पंपवाले, टायरवाले, फाउंड्रीवाले त्यात हातभार लावतील, या गावात कुस्तीच्या मैदानाला वर्गणी कमी पडलेली मी ऐकलेली नाही. आणि एवढी जागा मिळाल्यावर, एवढी नोंद सुरू झाल्यावरही जो मेस्त्री वही ठेवणार नाही, सतरा वर्षाच्या पोराला चोरून पोर्टिंग करून देईल आणि रात्री हायवेवर टेस्ट घेईल, त्याच्या गॅरेजला पोलिसांनी खुशाल कुलूप घालावं, त्याच्यासाठी उद्यमनगरातनं एकही माणूस चौकीवर जाणार नाही.